आधी वसली, मग समकालीन लघुचित्र : दृश्यकला अभ्यासमंडळांना खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष आणि सदस्य,
दृश्यकला महाविद्यालयांची अभ्यासमंडळे

विषय : ‘समकालीन लघुचित्र’ शिकवताना कागद, रंग आणि परदाख्त (सूक्ष्म रेघा-ठिपक्यांनी छटा देणे) यांना पुरेसा वेळ देण्याबाबत

स. न. वि. वि.

गेल्या काही वर्षांत चित्रकलेच्या पदवी वर्गांना ‘लघुचित्र परंपरेचे समकालीन रूपांतर’ अशा नावाचा स्वाध्याय देण्याची पद्धत रुळली आहे. तो अभ्यासक्रमात आला याचा आम्हाला आनंदच आहे. पण तो ज्या तऱ्हेने उरकला जातो, ते पाहून हे पत्र लिहावे लागते आहे. अनेक ठिकाणी या स्वाध्यायाला जेमतेम दोन आठवडे मिळतात. विद्यार्थी एखाद्या मुघल दरबाराच्या चित्राचा प्रिंट काढतात, तो आयव्हरी कार्डवर ट्रेस करतात, अ‍ॅक्रिलिकने रंग भरतात आणि बादशहाच्या हातात मोबाइल देतात. फार तर मागे एक मॉल काढतात. परीक्षकही ‘परंपरेशी संवाद’ असा शेरा देऊन मोकळे होतात.

या स्वाध्यायाच्या वाचनसूचीत पाकिस्तानी-अमेरिकी चित्रकार शाहझिया सिकंदर यांचे नाव हमखास असते. म्हणून त्यांनी नेमके काय केले, कशावर केले आणि कोणत्या क्रमाने केले, ते आधी पाहू. आमची मागणी त्यातूनच निघते.

सिकंदर यांचा जन्म १९६९ चा, लाहोरचा. तिथल्या नॅशनल कॉलेज ऑफ आर्ट्समध्ये त्यांनी १९८७ मध्ये प्रवेश घेतला आणि लघुचित्र हा विषय निवडला. हे कॉलेज म्हणजे १८७५ मध्ये स्थापन झालेले जुने मेयो स्कूल. तिथे बशीर अहमद लघुचित्र शिकवत. ते स्वतः पतियाळा दरबारच्या परंपरेतल्या हाजी मुहम्मद शरीफ यांच्याकडे आणि शेख शुजाउल्लाह यांच्याकडे शिकलेले. शिस्त कडक होती. जमिनीवर मांडी घालून बसायचे, वसली, म्हणजे थर चिकटवून घोटलेला कागद, स्वतः करायची, कुंचला स्वतः बांधायचा आणि जुन्या चित्रांच्या नकला करत राहायचे. त्या काळात हा विषय निवडणारे विद्यार्थी मोजकेच असत. पर्यटकांना विकायच्या वस्तूंचे काम, अशीच त्याकडे पाहण्याची दृष्टी होती. त्याच कॉलेजात झहूर उल अखलाक यांच्यासारखे आधुनिक चित्रकारही होते आणि लघुचित्राच्या रचनेकडे आजच्या डोळ्यांनी पाहता येते हे त्यांच्या कामातून दिसत होते. तरीही पाया पडला तो वसलीवरच.

याच पायावर सिकंदर यांनी १९८९-९० मध्ये ‘द स्क्रोल’ केले. उंची सुमारे साडेतेरा इंच आणि लांबी पाच फुटांहून अधिक. वसलीवर जलरंग, वनस्पतिजन्य रंग, कोरडी रंगद्रव्ये आणि चहा. एका घराच्या खोल्या एकापुढे एक उलगडत जातात आणि पांढऱ्या वस्त्रातली एक तरुणी त्यांतून फिरते. तिचा चेहरा आपल्याला दिसत नाही. घरातली माणसे आपापल्या कामात असतात, ती कुठेच थांबत नाही, आणि शेवटी चित्र काढताना दिसते. खोल्यांची मांडणी सफावी राजवटीतल्या इराणी चित्रांची आठवण देते. भिंती कललेल्या, फरशा वरून पाहिल्यासारख्या, आत आणि बाहेर एकाच वेळी दिसणारे.

या चित्रात मोबाइलसारखी कोणतीही ‘आजची’ खूण चिकटवलेली नाही. मग ते नवे कशामुळे? आमच्या वाचनानुसार उत्तर त्या तरुणीच्या अंगात आहे. मुघल चितारी मलमलीचा जामा कसा रंगवतात ते आठवा. आधी अंगाचा रंग पूर्ण भरतात, घोटतात, आणि त्यावर पांढऱ्याची इतकी विरळ झिलई देतात की खालची कातडी दिसत राहते. कडेला आणि चुण्यांवर तेवढा पांढरा दाट होतो. सिकंदर यांनी वस्त्राची ही युक्ती अख्ख्या माणसाला लावली. घरातल्या वस्तू दाट रंगात ठाम उभ्या आहेत आणि त्या घरात वाढलेली मुलगी मात्र पारदर्शक आहे. दाट रंगावर पातळ पांढरा कसा बसतो, किती थरांनंतर तो दुधाळ होतो आणि कुठे हात आवरायचा, हे हाताला माहीत नसेल तर ही कल्पना मुळात सुचतच नाही. कार्डवरच्या अ‍ॅक्रिलिकमधून ती येणार नाही, याचे कारण कौशल्याइतकेच साहित्यातही आहे.

ते साहित्य आता नीट पाहू. अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांनी हा भाग वरवर चाळू नये, अशी विनंती आहे.

वसली म्हणजे खळीने एकावर एक चिकटवून घोटलेले कागद. विद्यार्थ्यांच्या कामाला तीन-चार थर पुरतात. हातकागद उत्तम, नाही तर आम्लमुक्त यंत्रकागद चालतो. खळीसाठी एक भाग मैदा थोड्या गार पाण्यात गुठळी न होऊ देता कालवायचा, मग एकूण आठ ते दहा भाग पाणी होईल अशा बेताने मंद आचेवर ढवळत शिजवायचा. कच्चा पांढरेपणा जाऊन खळ काचेसारखी दिसू लागली की उतरवायची आणि मलमलीतून गाळायची. कसर लागू नये म्हणून तिच्यात चिमूटभर मोरचूद घालण्याची जुनी रीत आहे. चिमूटभर म्हणजे चिमूटभरच. मोरचूद विषारी आहे, त्याचे भांडे वेगळे ठेवावे लागते, आणि ते जास्त झाले तर त्यातले तांबे काही वर्षांनी कागदालाच तपकिरी आणि ठिसूळ करते.

कागद ओला झाला की वाढतो. बहुतेक वसल्या बिघडतात त्या ही एक गोष्ट न सांगितल्यामुळे. पहिल्या कागदाला खळ लावून लगेच दुसरा कोरडा कागद त्यावर ठेवला, तर वाढलेला आणि न वाढलेला असे दोन कागद जोडले जातात आणि वाळताना वसली पन्हळीसारखी वळते. म्हणून प्रत्येक कागदाला खळ लावून पाच-सात मिनिटे पसरू द्यायचे आणि मगच जोडायचे. खळ मधून कडांकडे ओढायची, म्हणजे हवा बाहेर जाते. यंत्रकागद असेल तर सगळ्या थरांतल्या तंतूंची दिशा एकच ठेवायची. त्यानंतर कडा पाटाला चिकटवून वसली सावलीत दोन दिवस वाळू द्यायची. पंख्याखाली घाईने वाळवलेल्या वसलीचा वरचा थर आधी आकसतो आणि मधे पोकळी राहते. पावसाळी हवेत चार दिवसही लागतात, आणि खळ दाट असेल तर तेवढ्यात बुरशी धरते. वेळापत्रकात याचा विचार हवा. जुलै-ऑगस्टमध्ये वसलीचा वर्ग ठेवू नये.

मग घोटाई. शंखजिऱ्याची पूड कापडाच्या पुरचुंडीत बांधून कागदावर हलकेच थापायची आणि अकीक दगड किंवा मोठी गुळगुळीत कवडी घेऊन आधी मागून, मग पुढून घोटायचे. हात सरळ रेषेत, दाब सारखा, एक पट्टा दुसऱ्यावर थोडा चढलेला. वसली तिरप्या उजेडात धरली की घोटाई कळते. सगळीकडे सारखी मंद चमक असेल तर झाले. मधे मधे मळकट डाग दिसले तर तिथे घोटा पोहोचलेला नाही आणि तिथे रेघ फुटणार. वसली आतून ओली असताना घोटली तर तंतू सुटतात, पृष्ठभाग सालपटतो आणि तो परत बसत नाही. पूड जास्त झाली तर रंग धरत नाही. हवेचा बुडबुडा राहिला असेल तर तो घोटताना फुटतो आणि पुढे नेमका तिथलाच रंग तडकतो.

हे सगळे विद्यार्थ्याने एकदा तरी स्वतः करावे, कारण आपल्या कागदाचे दोष माहीत असलेल्याला रंगाचे दोष वेगळे ओळखता येतात. तयार वसली विकत घेऊन काम सुरू करणाऱ्याची रेघ फुटली की तो कुंचला बदलतो, मग रंग बदलतो, आणि दोष असतो तो घोटाईत.

रंगांविषयी दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत : गाळण आणि डिंक. गेरू, काजळ, नीळ आणि पांढऱ्यासाठी जस्ताचा सफेदा एवढ्यावर पहिले सत्र भागते. गेरू पाण्यात खलून ठेवला की जाड कण तळाशी बसतात. वरचे गढूळ पाणी दुसऱ्या वाटीत ओतायचे, त्याला बसू द्यायचे, पुन्हा ओतायचे. तीन-चार वेळा ओतल्यावर जो साका मिळतो त्यानेच बारीक रेघ निघते. पिवळ्या हरताळात आर्सेनिक, लाल हिंगुळात पारा आणि जुन्या सफेद्यात शिसे असते. हे रंग विद्यार्थ्यांना कोरडे खलायला देऊच नयेत. हरताळ आणि तांबे किंवा शिसे असलेले रंग एकमेकांना भेटले की काळपट पडतात, म्हणून जुने चितारी त्यांना चित्रातही दूर ठेवत. जंगाल, म्हणजे तांब्याचा हिरवा, खालचा कागद खातो. जुन्या पोथ्यांमध्ये झाडे होती तेवढीच जागा तपकिरी होऊन भेगाळलेली दिसते ती त्यामुळे. हे रंग डोळ्यांनी ओळखायला शिकवावे, वापरायला आधुनिक सुरक्षित रंगद्रव्ये द्यावीत. त्यात परंपरेशी कसलीही प्रतारणा नाही.

डिंक एका भागाला दोन भाग पाणी घालून रात्रभर भिजवायचा आणि गाळायचा. रंगात किती घालायचा याचे एकच प्रमाण देता येत नाही. काजळ आणि नीळ यांसारखे हलके रंग जास्त डिंक मागतात, जड रंगांना कमी पुरतो. पारख मात्र सोपी आहे. वसलीच्या तुकड्यावर पट्टी ओढून पूर्ण वाळू द्यायची. बोटाने चोळल्यावर रंग बोटाला आला तर डिंक कमी. पट्टी चकाकली, किंवा कागद किंचित वाकवल्यावर तिला भेगा पडल्या, तर डिंक जास्त. प्रत्येक रंगाच्या प्रत्येक घाण्यासाठी अशी पट्टी काढून तारीख घालून जपली पाहिजे. रंग शिंपल्यात ठेवला की कुंचल्याचे टोक त्याच्या गुळगुळीत उतारावर फिरवून नेमके करता येते. प्लास्टिकच्या पॅलेटवर रंगाचे थेंब गोळा होतात आणि कुंचल्यात नको तेवढा रंग चढतो.

कुंचल्याविषयी एक गैरसमज वर्गावर्गांतून ऐकू येतो की लघुचित्र एका केसाच्या कुंचल्याने काढतात. एकाच केसात रंग राहणारच नाही. कुंचल्याला रंग धरणारे पोट लागते, आणि त्या पोटातून निघणारे टोक एक-दोन केसांचे असते. लाहोरला खारीच्या शेपटीचे केस कबुतराच्या पिसाच्या नळीत बसवून असा कुंचला बांधायला शिकवतात. आपल्याकडे मुंगसाच्या केसांच्या कुंचल्यांचा व्यापार वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली गुन्हा आहे, आणि खारीच्या केसांच्याही वाटेला महाविद्यालयांनी जाऊ नये. तीन शून्यांचा, भरल्या पोटाचा चांगला कृत्रिम कुंचला पुरतो. साहित्याच्या यादीत फक्त ‘बारीक ब्रश’ असे लिहू नये.

प्रत्यक्ष चित्राचा क्रम असा : खाका गेरूच्या फिक्या रेघेत उतरवायचा, त्यावर पांढऱ्याचे पातळ अस्तर द्यायचे, अस्तराखालून दिसणारी रेघ पुन्हा पक्की करायची, मग सपाट रंग भरायचे. दाट रंगाच्या कामाला लाहोरचे चितारी गद रंग म्हणतात, पातळ रंगछटांच्या कामाला नीम रंग आणि निव्वळ शाईच्या कामाला सियाह कलम. गद रंगात एका जाड थरापेक्षा तीन पातळ थर बरे. दर दोन थरांनी चित्र काचेवर किंवा संगमरवरावर पालथे ठेवून मागून घोटतात. त्यामुळे रंगाचे कण दाबले जाऊन पृष्ठभाग घट्ट होतो आणि पुढची रेघ त्यावर न अडखळता धावते. अ‍ॅक्रिलिक इथेच अडते. ते वाळले की त्याचा प्लास्टिकचा पापुद्रा होतो, तो घोटला जात नाही आणि ओल्या कुंचल्याने किंचित उचलून दुरुस्तही करता येत नाही. सोने, मोत्यांचे उठावदार ठिपके, जदवल (चित्राभोवतीच्या रेघांची चौकट), हाशिया (सजवलेला समास) हे सगळे नंतरचे. पहिल्या सत्रात त्याला हात लावायची गरज नाही.

खरी परीक्षा परदाख्तची. गालाची गोलाई, ढगाची कड, हत्तीच्या कातडीच्या वळ्या या सगळ्या सूक्ष्म रेघांनी आणि ठिपक्यांनी घडतात. एक गाल जवळून पाहू. सपाट गव्हाळ रंग भरून घोटलेला आहे. सावलीचा रंग त्याच रंगात थोडा गेरू आणि कणभर काजळ घालून करायचा आणि इतका पातळ ठेवायचा की एकटी रेघ जेमतेम दिसावी. कुंचला शिंपल्याच्या कडेवर निपटायचा, मग फडक्यावर टेकवायचा. तो जवळजवळ कोरडा झाला पाहिजे. रेघ एक-दोन मिलिमीटरची, जबड्याच्या वळणाला धरून. शेजारी दुसरी, मधे केसभर फट. एक पट्टा झाला की तो वाळेपर्यंत दुसरीकडे जायचे. परत आल्यावर नव्या रेघा जुन्या फटींत पडतात. तिसऱ्या-चौथ्या फेरीनंतर रेघा डोळ्यांना दिसेनाशा होतात आणि गाल वळतो.

यात हमखास होणारी चूक म्हणजे ओला कुंचला. खालचा रंगही डिंकाचाच आहे. पाणी लागले की तो सुटतो, कुंचल्याबरोबर उचलला जातो आणि गालावर फिका खड्डा पडतो. घाबरून विद्यार्थी तिथे पुन्हा रंग लावतो, खड्ड्याला गडद कड येते आणि गाल डागाळतो. अशा वेळी हात काढून घ्यायचा, पूर्ण वाळू द्यायचे, मागून घोटायचे आणि खड्डा कोरड्या ठिपक्यांनी भरायचा. दुसरी चूक घाईची. सावली एका फेरीत आणायची म्हणून रंग गडद घेतला जातो, आणि मग रेघा ओरखड्यांसारख्या दिसतात. नाण्याएवढ्या चेहऱ्याला नवशिक्याचा अख्खा दिवस सहज जातो. आठवड्यातून दोन तासांची एक तासिका देऊन हे शिकवता येत नाही, कारण दर वेळी हात पहिल्यापासून बसवावा लागतो.

एवढे खोलात जाण्याचे कारण असे की समकालीन लघुचित्रातले गाजलेले बदल याच पायऱ्यांवर घडले आहेत. सिकंदर १९९३ मध्ये अमेरिकेला गेल्या आणि १९९५ मध्ये ऱ्होड आयलंड स्कूल ऑफ डिझाइनमधून पदव्युत्तर झाल्या. पुढे त्यांनी पारदर्शक कागदांवर आकृत्या काढून ते कागद एकापुढे एक टांगले. हा चरब्याचाच, म्हणजे पारदर्शक पत्र्यावर उतरवलेल्या खाक्याचाच, विस्तार आहे. आकृती एका चित्रातून दुसऱ्या चित्रात नेण्याचे कारखान्यातले (चित्रशाळेतले) साधन त्यांनी चित्र म्हणून समोर ठेवले. २००३ च्या ‘स्पिन’ या अ‍ॅनिमेशनमध्ये मुघल दरबाराच्या दालनात गोपी जमतात, त्यांची शरीरे नाहीशी होतात आणि नुसते केशसंभार उरतात. ते काळे आकार पाखरांच्या थव्यासारखे दालनभर उसळतात. लघुचित्रात केस शेवटी-शेवटी, काळ्या शाईच्या बारीक रेघांनी येतात. वरचा तो थर त्यांनी खालच्या चित्रापासून सोडवून घेतला. थरांनी विचार करणाऱ्या हातालाच हे दिसते. आज संगणकावर ‘लेयर’ सगळेच वापरतात, पण कोणता थर काढला तर चित्राचा अर्थ उलटेल, हे सॉफ्टवेअर सांगत नाही.

लाहोरच्या त्याच कॉलेजातून पुढे आलेल्या सहा जणांनी २००३ मध्ये ‘कारखाना’ नावाचा प्रकल्प केला : आयशा खालिद, हसनात महमूद, इम्रान कुरेशी, नुसरा लतीफ कुरेशी, तल्हा राठोड आणि साइरा वसीम. ते वेगवेगळ्या देशांत पांगले होते. प्रत्येकाने दोन वसल्या सुरू करायच्या आणि टपालाने पुढच्याकडे पाठवायच्या. प्रत्येक जण एक थर चढवणार, आधीचे झाकणार, खोडणार किंवा त्याला उत्तर देणार. अशी बारा चित्रे झाली. बादशाही कारखान्यात एक जण रेखाटन करी, दुसरा रंग भरी, तिसरा चेहरे काढी, आणि सगळ्यांवर उस्तादाची नजर असे. इथे उस्ताद काढून टाकला आणि कामाची विभागणी तेवढी ठेवली. सहाही जणांची वसली, डिंक आणि घोटाई एकसारखी नसती तर दुसऱ्याच हाती रंग सोलून निघाला असता.

इम्रान कुरेशी यांनी २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमच्या गच्चीची फरशी रंगवली. दुरून रक्ताचा सडा पडल्यासारखा वाटे आणि वाकून पाहिले की प्रत्येक डागातून लघुचित्रातल्या झाडांची पाने-पाकळ्या उमललेल्या दिसत. आकार शेकडो पटींनी वाढला, तरी पाकळीची रेघ तीच राहिली. आणि हे सगळे लाहोरपुरतेच आहे असेही नाही. बडोद्याच्या निलिमा शेख यांनी १९८४ मध्ये ‘व्हेन चंपा ग्रू अप’ ही बारा छोट्या चित्रांची मालिका वसलीवर टेंपेरात केली. झोक्यावर खेळणाऱ्या मुलीपासून सासरी जळून मरण्यापर्यंतचा प्रवास तळहाती धरून पाहण्याच्या आकारात येतो. हा मजकूर दहा फुटी कॅनव्हासवर आला असता तर पाहणारा चार पावले मागे सरकला असता. लहान आकार त्याला जवळ बोलावतो आणि मग नजर फिरवायला जागा ठेवत नाही.

आक्षेप आम्हाला ठाऊक आहे. नकला करून घेतल्या की कल्पकता मरते, कारागीर तयार होतात, कलावंत होत नाहीत. यात तथ्य नाही असे म्हणणार नाही. नकलेवरच थांबलेली शाळा साचेच काढते, आणि बाजारात अशा नकलांचे ढीग आहेत. म्हणून नकल एकच असावी, पण पूर्ण. मूळ आकाराच्याच प्रिंटवरून, कारण चार पट मोठ्या प्रिंटवरून केलेल्या नकलेत रेघेचा वेग आणि जाडी दोन्ही चुकतात. छापील रंगावर विसंबूही नये. एकच चित्र तीन पुस्तकांत तीन तऱ्हांचे दिसते. नकल झाल्यावर विद्यार्थ्याने लिहून द्यावे की मूळ चिताऱ्याने कोणता भाग आधी केला असेल आणि कशावरून. कुठे रंगाखालची जुनी रेघ डोकावते, कुठे चितारी मनात बदल करून हात हलवतो, हे शोधणाऱ्याची कल्पकता मरत नाही. तिला काम मिळते.

अस्सल चित्र पाहायला फार दूर जावे लागत नाही. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात लघुचित्रांचा मोठा संग्रह आहे, आणि अकबराच्या चित्रशाळेतली ‘अन्वार-इ-सुहैली’ची पाने आहेत. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ आहे. सोळाव्या शतकात अहमदनगरच्या निजामशाहीत झालेली ही सचित्र पोथी दख्खनी चित्रकलेच्या सर्वांत जुन्या उदाहरणांपैकी एक. हुसेन निजामशहाच्या शेजारी बसलेली त्याची बेगम तिच्यात चितारलेली होती, आणि पुढे कुणीतरी तिच्या आकृत्या मिटवून टाकल्या. रूपांतराचा स्वाध्याय शोधणाऱ्या विद्यार्थ्यासाठी याहून जिवंत विषय कुठला? दरबाराच्या चित्रात एका स्त्रीची जागा आहे आणि ती रिकामी केलेली आहे. तिथे मोबाइल काढायची गरज नाही. अशा पोथ्या विद्यार्थ्यांच्या हाती देता येत नाहीत हे आम्हाला मान्य आहे, पण पाच-सहा जणांच्या गटाला जतनतज्ज्ञाच्या देखरेखीखाली, मंद उजेडात, भिंगासह पाहता यावे, यासाठी महाविद्यालयाने संस्थेशी रीतसर पत्रव्यवहार करावा. प्रोजेक्टरवर चार फुटांचे लघुचित्र दाखवून लघुचित्र शिकवले असे होत नाही.

तेव्हा आमच्या मागण्या अशा. रूपांतराच्या स्वाध्यायाआधी एक पूर्ण सत्र साहित्य आणि नकल यांना द्यावे, आणि तासिका विखुरण्याऐवजी आठवड्यातले दोन सलग दिवस राखावेत. सोळा आठवड्यांचे सत्र धरले तर पहिले चार वसली आणि घोटाईचे, पुढचे तीन रंग गाळणे, डिंक आणि पट्ट्यांचे, चार नुसत्या रेघेचे आणि परदाख्तचे, उरलेले पाच नकलेचे. यात एखाद-दोन वसल्या फुकट जाणारच, त्यासाठी जागा धरलेली आहे. खोलीत डावीकडून नैसर्गिक उजेड, बसक्या चौक्या आणि वसल्या आडव्या वाळवायला फळ्या एवढे पुरे. पंखा थेट कामावर नको.

गुणदान बदलावे. पूर्ण चित्राइतकेच गुण वसलीला, रंगपट्ट्यांच्या वहीला आणि बिघडलेल्या कामाच्या निदानाला असावेत. ज्या विद्यार्थ्याने भेगा पडलेला तुकडा जपून ठेवला आणि डिंक जास्त झाला हे ओळखले, त्याला विषय कळला आहे. परीक्षकांनी चित्र भिंतीवर टांगून तपासू नये. हातात घ्यावे, तिरप्या उजेडात धरावे, भिंगाखाली पाहावे. प्रदर्शनात खाली ‘मिश्र माध्यम’ असा शब्द चिकटवू नये. कागद, रंग, डिंक, अस्तर काय ते लिहावे, आणि दुसऱ्या कुणाचा हात लागला असेल तर त्याचे नावही लिहावे.

शेवटची मागणी शिक्षकांविषयी. जयपूर, उदयपूर, नाथद्वारा, चंबा, कांगडा इथे आजही काही घरांत ही विद्या चालू आहे. चंब्याच्या विजय शर्मा यांना २०१२ मध्ये पद्मश्री मिळाली ती पहाडी लघुचित्रासाठीच. अशा चिताऱ्यांना बोलावले जाते ते बहुधा तीन दिवसांच्या प्रात्यक्षिकासाठी. तीन दिवसांत वसली जेमतेम वाळून होते. त्यांना किमान एका सत्रासाठी, अभ्यागत प्राध्यापकाच्या दर्जाने आणि मानधनाने, पदवीची अट शिथिल करून नेमावे. त्यांच्याबरोबर आधुनिक चित्रकलेचा एक शिक्षक त्याच खोलीत, त्याच वेळी असावा. लाहोरला बशीर अहमद आणि झहूर उल अखलाक एकाच आवारात होते, त्याचा परिणाम आपण पाहिलाच आहे.

पुढच्या सत्राची साहित्ययादी ठरवताना अ‍ॅक्रिलिक आणि आयव्हरी कार्ड वगळून हातकागद, मैदा, बाभळीचा डिंक, गेरू, काजळ, नीळ, सफेदा, शंखजिरे आणि अकीकाचा घोटा एवढ्या वस्तू तिच्यात घालाव्यात. एका विद्यार्थ्याला किती काय लागेल याचा तक्ता हवा असल्यास आम्ही करून देऊ.

कळावे,

लघुचित्र रंगवणारे, शिकवणारे आणि जतन करणारे
आपले सहकारी